सरांचा तालुका

सरांच्या घरात आम्ही भाड्यानं राहायला गेलो तेव्हा त्यांनी भाड्याचं, डिपॉझिटचं काहीही बोलायच्या आधी आमच्या ह्यांना समोर बसवून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या गावाची हद्द कुठे संपते?"

हे विंचूरचे. त्यांनी डोकं खाजवत सांगितलं, "कांद्याच्या मार्केटच्या पुढे एक ओढा आहे. तिथे संपत असावी."

"असावी?" सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "आमच्या तालुक्यात शेंबडं पोरसुद्धा हद्दीचा दगड दाखवतं."

मला वाटलं, सर सिन्नर नाहीतर दिंडोरीकडचे असतील आणि त्यांना आपल्या तालुक्याचा अभिमान असेल. असतो बाई एकेकाला. पण पुढे भर चैत्रात ते ओट्यावर पंख्यानं वारा घेत म्हणाले, "आमच्या तालुक्यात आता बर्फ वितळायला लागला असेल," तेव्हा मात्र मी गप्प उठले आणि मागच्या दारी फुलं निवडत बसलेल्या काकूंना जाऊन विचारलं, "काकू, सरांचा तालुका कोणता हो?"

काकूंनी मान वर न करता सांगितलं, "इलायतेतला. नवऱ्याला एखादं यसन असावंच लागतं. ह्यांना हे हाय. दारूपरीस बरं."

ही एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. ह्यांना अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि मी नाशकात एका बालवाडीवर जात होते. शहरात जागा परवडत नव्हती म्हणून आम्ही अंबडच्या वाटेवरच्या त्या गावात दोन खोल्या घेतल्या. गाव माळ्यांचं. फुलं आणि पालेभाज्या पिकवायच्या आणि पहाटे नाशकात नेऊन विकायच्या, हाच तिथला उद्योग. चार एकरांचा मळा काकू बघत. सर शाळेत नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवत. जन्म त्याच गावात, त्याच घरात. पण त्यांच्या तोंडी 'आमचा तालुका' आला की तो इंग्लंडातला, हे एव्हाना गावातल्या कुत्र्यालाही माहीत झालं होतं.

हा तालुका त्यांच्या कपाळी आला देवळाली कॅम्पातून. गोरे सैनिक निघून गेले तेव्हा साहेबांचं सामान तिथल्या बाजारात मातीमोलानं विकायला निघालं. सर तेव्हा मॅट्रिकला बसत होते आणि इंग्रजीनं त्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता. त्यांनी ढिगातून सगळ्यात जाड इंग्रजी पुस्तक उचललं. जाड तेवढं चांगलं, असा हिशेब. घरी येऊन बघतात तर तो इंग्लंडातल्या एका ग्रामीण तालुक्याच्या कारभाराचा इतिहास. दुसऱ्या कुणी पहिल्याच पानावर हात टेकले असते. सरांनी शब्दकोश घेऊन तो अथपासून इतिपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. त्यातून त्यांना इंग्रजी आलं, उत्तम आलं, पण त्या इंग्रजीत गटारं, पूल, हद्दी आणि दफनभूमी एवढंच होतं. प्रेम, हवापाणी, जेवणखाण यांतलं काही त्यांना इंग्रजीत बोलता येत नसे. शाळेच्या मुलाखतीत छंद विचारला तर ते सांडपाण्याच्या निचऱ्यावर एवढं अस्खलित बोलले की समितीनं घाबरून त्यांना घेऊनच टाकलं.

पुस्तकातला घडीचा नकाशा त्यांनी काढून देवघरातल्या भिंतीला लावला होता. काकू रोजच्या पूजेत त्याच्या कोपऱ्यालाही हळदकुंकू लावत. आता देवाच्या रांगेत टांगलाय म्हटल्यावर त्याला तरी कसं वगळायचं? त्या तालुक्याचं ईशान्येकडचं एक खेडं कुंकवाखाली पार दिसेनासं झालं होतं.

ऐकून ऐकून तो तालुका मलाही पाठ झाला. आधी नुसती विखुरलेली खेडी. मग सगळ्यांनी मिळून निराधारांना ठेवायला एक गरीबखाना चालवायला घेतला, तेव्हा ती पहिल्यांदा एका टेबलाशी बसली. त्यातून पुढे तालुक्याची कौन्सिल झाली. पहिला अध्यक्ष एक पाद्री, तो डुकरं पाळायचा आणि सभेला बुटांना चिखल घेऊन यायचा. विहिरींचं पाणी प्यायल्यानं विषमज्वर पसरला तेव्हा नळ घालायचं ठरलं आणि नळ कुठल्या गावात आधी, यावरून त्यांची वर्षानुवर्षं जुंपली. आणि सरांचा सगळ्यात लाडका होता तो पूल. दोन गावांच्या हद्दीवर एक पूल, रंग कुठला द्यायचा यावर एकमत होईना, तेव्हा दोन्ही गावांनी आपापला निम्मा पूल रंगवला. एक बाजू हिरवी, एक पांढरी. हे सांगताना सरांचे डोळे भरून येत. "याला म्हणतात स्वराज्य," ते म्हणत. "भांडले, पण पूल पाडला नाही."

त्यांचे विद्यार्थी परीक्षेत लिहीत, पंचायत समितीचा सभापती पाद्री असतो व तो डुकरे पाळतो. सर निम्मे गुण देत.

घरसुद्धा सर कौन्सिलसारखं चालवत. दर रविवारी सकाळी ओट्यावर सभा. सर, काकू, आम्ही दोघं. आधीच्या सभेचं इतिवृत्त सर तोंडपाठ म्हणून दाखवत आणि ते कायम झाल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे. न्हाणीच्या दाराला कडी नव्हती. मी सरांना तसं सांगितलं तर म्हणाले, "विषय मांडा." मांडला. काकूंनी हरकत घेतली. "कडी कशापायी? खोकललं का कळतं ना आत माणूस हाय ते." विषय पुढच्या रविवारी गेला, मग त्याच्या पुढच्या. आमचे हे वैतागून म्हणाले, मी बाजारातून कडी आणतो आणि ठोकतो. सर एवढे दुखावले की दिवसभर बोलले नाहीत. कडी शेवटी आली, रीतसर ठराव होऊन आली, आणि तोवर आम्हाला खोकायची इतकी सवय लागली होती की कडी लावूनही आम्ही खोकत असू.

मला त्या रविवारांची फार आठवण येते. पुढे फ्लॅट झाला, दाराला कड्या झाल्या, पण माझं म्हणणं एवढं गांभीर्यानं पुन्हा कुणी ऐकून घेतलं नाही.

सरांचा एक जुना विद्यार्थी डॉक्टर होऊन इंग्लंडला गेला होता. जाताना सरांनी त्याला बजावलं होतं, काही कर, पण आमच्या तालुक्यात जाऊन ये. त्याला बरीच वर्षं सवड झाली नाही. मग एकदा तो सुटीवर आला आणि पेढे घेऊन सरांना भेटायला आला. सरांनी त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"पूल पाहिलास? हिरवा आणि पांढरा?"

"पूल आहे सर. पण आता सगळा करड्या रंगाचा आहे."

"सगळा? मग दुसरं गाव गप्प कसं बसलं?"

डॉक्टर चाचरला. बिचाऱ्याला वाटलं असावं, आता लपवण्यात अर्थ नाही. "सर, तालुकाच राहिला नाही. कौन्सिल रद्द झाली. चौऱ्याहत्तर सालीच. शेजारच्या समुद्रकाठच्या शहराला जोडून टाकला आणि दोघांना मिळून नवीनच नाव दिलं."

म्हणजे गेली इतकी वर्षं सर ज्या तालुक्याचा बर्फ वितळवत होते, तो जागेवर नव्हताच.

"आणि लोक?" त्यांनी विचारलं. "लोक काय म्हणाले?"

"मी विचारलं सर. बऱ्याच जणांना नाव आठवेना. एक दुकानदार म्हणाला, ते कचऱ्याची गाडी पाठवायचे तेच ऑफिस का?"

डॉक्टर गेल्यावर सर उठले, मागच्या दारी विहिरीवर गेले, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी पोहऱ्यानं डोक्यावर पाणी ओतून घ्यायला सुरुवात केली. दूरच्या नातलगाच्या मरणाची बातमी उशिरा कळली की सुतक पाळत नाहीत, पण कळल्याबरोबर अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून आंघोळ करतात. काकू मळ्यातून धावत आल्या.

"अगं बया! कोण गेलं वो?"

"तालुका," सर म्हणाले.

मला वाटलं, आता काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "थांबा. गार पाण्यानं नका करू, पडसं व्हईल. मी बंब पेटवते." संध्याकाळी देवघरात गेले तर नकाशाला हार घातलेला.

त्यानंतर रविवारची सभा बंद झाली. कुणी तसं जाहीर केलं नाही, पण सर ओट्यावर येऊन बसत आणि इतिवृत्त म्हणत नसत. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "सर, कौलं बदलायचा विषय मांडायचाय." ते म्हणाले, "बदलून टाका." हा माणूस सभेला न विचारता कौलं बदला म्हणतोय!

आणि अशातच ब्याऐंशी साल आलं. नाशिकची नगरपालिका जाऊन महानगरपालिका होणार, आणि आजूबाजूची गावं तिच्यात घेणार, अशी बोलवा होती ती खरी ठरली. आमचंही गाव त्यात होतं. दिवाळीच्या आगेमागे ग्रामपंचायत मोडीत निघणार होती. गावात आनंदीआनंद. नळ येणार, रस्त्यावर दिवे येणार, जमिनीला भाव येणार. काकूंनी तर त्या दिवशी शिरा केला.

सरांनी शिऱ्याला हात लावला नाही.

"जलमभर मी विहिरीचं पाणी वढलं," काकू म्हणाल्या. "दारात नळ येतोय तर तुमचं तोंड असं का?"

"नळ येऊ दे की," सर म्हणाले. "तिथेही आला होता. पण तिथे कुणाला कळलं नाही गं, आपलं काय गेलं ते. आपल्या गावाचं तसं नको. शेवटची एक सभा भरू दे. पुरी भरू दे. मग जाऊ दे."

'पुरी भरू दे' म्हणण्याला कारण होतं. त्या गावात ग्रामसभा कधीच पुरी भरली नव्हती. नियमाप्रमाणे जेवढी डोकी लागतात तेवढी जमली नाहीत, तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवायची. तहकूब सभेला डोक्यांची अट नाही. त्यामुळे गावाची पक्की पद्धतच पडली होती. ग्रामसेवक यायचे, घड्याळ बघायचे, तहकूब म्हणायचे, चहा प्यायचे, आणि मग चार टाळक्यांत सगळे ठराव उरकायचे. सह्या मागाहून घरोघर. गावाचा सगळा कारभार असा तहकुबीवर चालला होता. सरांना ते फार लागे. आणि आता गावच जाणार, तर एकदा, एकदा तरी सगळ्यांनी समोर बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

ते दारोदार फिरले. इंग्रजी तालुका सोडून सरांना स्वतःच्या गावात एवढं हिंडताना मी पहिल्यांदाच बघत होते. सरपंच भला माणूस. तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हनाल तो दिवस. मला काय, खुर्ची तर जायचीच हाय."

सरांनी मंगळवार ठरवला. का, तर त्यांच्या तालुक्याच्या सभा नेहमी मंगळवारी असत.

दवंडी पिटून झाली आणि काकू मळ्यातून तरातरा आल्या. "मंगळवार? अवो, बुधवारी दसरा हाय! आदल्या दिशी सभा? समद्या गावाच्या मळ्यात झेंडू उभा हाय. एक तरी माणूस येईल का?"

फुलवाल्या बाईच्या नवऱ्याच्या हे ध्यानात येऊ नये! दसऱ्यासाठी फुलवलेला सगळा झेंडू त्या एका दिवशी तोडायचा आणि रात्रीच्या आत नाशकात पोचवायचा. दसरा उलटला की त्या फुलाला कुणी विचारत नाही. सरांचा चेहरा उतरला. दिवस बदला म्हटलं तर नोटीस निघून गेलेली, आणि पंचायत मोडायच्या आत नवी नोटीस काढायला मुदत उरली नव्हती.

मंगळवारी दुपारी चार वाजता मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात सर, सरपंच, ग्रामसेवक, आम्ही दोघं आणि दोन-तीन म्हातारे, एवढेच होतो. ग्रामसेवकांनी सवयीनं घड्याळ बघितलं. "सर, तहकूब करू या का?"

"थांबा," सर म्हणाले.

आम्ही थांबलो. मी सरांकडे बघायचं टाळत होते. त्यांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, कोट घातला होता, घामानं कॉलर भिजली होती. ग्रामसेवक पुन्हा चुळबुळले. सर पुन्हा म्हणाले, "थांबा," पण या वेळी आवाज अगदीच खाली आला होता.

तेवढ्यात मळ्याच्या वाटेनं काकू दिसल्या. डोक्यावर पाटी. त्यांच्या मागे आणखी पाट्या, बाया, मग बैलगाडीत पोती, गड्यांच्या खांद्यावर पोती. काकू मांडवात आल्या आणि त्यांनी पाटी सतरंजीवर उपडी केली.

"निवडायची ती फुलं मळ्यात निवडायची का हितं, सारखंच," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "बसा गं. हात चालू द्या, कान हिकडं द्या."

बाया बसल्या. त्या गावाच्या ग्रामसभेत तोवर गावातली एकही बाई आली नव्हती. पुरुष माघारी गेले ते आणखी पोती घेऊन आले. झेंडूचे ढीग मांडवभर झाले आणि त्यांच्याभोवती सगळं गाव मांड्या घालून बसलं. ग्रामसेवक उभे राहून डोकी मोजत होते, मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "भरली हो सर. सभा भरली."

सरपंचानं आपली खुर्ची सरांपुढे सरकवली. "सर, आज तुम्हीच बसा."

सर उभे राहिले. खाकरले. "मंडळी, आमच्या तालुक्यात…" म्हणाले आणि तिथेच अडले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. सर पुन्हा बोलायला गेले आणि मला एकदम कळलं की त्यांच्यापाशी बोलायला काहीच नाही. त्या परक्या तालुक्याच्या पाद्र्याची डुकरं त्यांना ठाऊक होती. ज्या गावात ते जन्मले, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एक वाक्यही त्यांच्या तोंडी येईना. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आपल्या गावाची ही देवळाजवळची विहीर आधी कुणी खणली? कुणाला ठाऊक आहे का?"

बायांचे हात फुलांवर चालूच होते. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "माझ्या आजेसासऱ्यानं. पानी लागंना तव्हा त्यानं तीन दिस भाकर खाल्ली नव्हती."

"तीन नाय, पाच," दुसरी म्हणाली. "आन खणाया आमचेबी लोक व्हते. निस्तं तुमचंच नाव नका सांगू."

झालं. तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. बांध कुणी घातला, ओढ्यावरची फरशी कुणाच्या गाडीमुळे खचली, शाळेसाठी पहिली खोली कुणी गोठा रिकामा करून दिली, तिथे शिकताना गाय आत येऊन मास्तरांची टोपी कशी खाऊन गेली. भांडणं निघाली, जुनी, वाळून गेलेली, आणि हसत हसत पुन्हा भांडून झाली. ग्रामसेवकांनी विचारलं, "सर, यातलं काय लिहू?" सर म्हणाले, "लिहू नका. ऐका." ते केव्हाच खुर्ची सोडून खाली बसले होते आणि त्यांच्याही नकळत काकूंच्या पाटीतली फुलं निवडत होते. सगळी चुकीची निवडत होते. काकू त्यांनी टाकलेली उचलून मुकाट्यानं नीट लावत होत्या.

दिवस कलला. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. फुलं पोचायला हवी होती. बायांनी पाट्या भरल्या, पोती शिवली. ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं. नियम असा की अध्यक्षानं सभा संपल्याचं तोंडानं सांगायचं, मग वहीत वेळ टाकायची.

"सर, संपली म्हणा. वेळ टाकतो."

सर उठले. त्यांनी ग्रामसेवकांकडे बघितलं, गावाकडे बघितलं. मग वाकून काकूंच्या पाटीचा एक कान धरला, दुसरा काकूंनी धरला, आणि दोघं टेम्पोकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनं द्यायला गेलो तेव्हा आपट्याची पानं हातावर ठेवून मी म्हटलं, "सर, काल तुम्ही सभा संपली असं म्हणालाच नाहीत. विसरलात."

"विसरलो नाही," सर म्हणाले. "मी कशाला म्हणू?"

पुढच्या वर्षी आम्ही शहरात राहायला गेलो. सर गेले, वर्षभरानं काकू गेल्या. मळ्याच्या जागी इमारती आहेत, नळाला पाणी आहे, रस्त्याला दिवे आहेत, आणि हे सगळं चांगलंच आहे. पण मी त्या बाजूनं गेले की रिक्षावाल्याला गावाचं जुनं नाव सांगते. तो आरशातून बघतो आणि म्हणतो, "मावशी, असं गाव नाही आता."

मी म्हणते, "आहे बाबा. तिथे आमची सभा चालू आहे."